किती चालल्यावर?

पाय दुखतो म्हणून आमच्या साखरखेर्ड्यात सहसा कोणी दवाखान्यात येत नाही. येतात तापासाठी, बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून, नातवाला जुलाब लागले म्हणून. तपासून होतं, चिठ्ठी लिहून होते, पैसे देऊन माणूस उठतो आणि उठता उठता गुडघ्यावर हात टेकत म्हणतो, "आन् पाय बी लय दुखते वो मॅडम, एखांदी गोळी त्याच्यावर बी लिहा." बाहेर बाकावर अजून बरेच जण बसलेले असतात. गोळी लिहून दिली की दोघांचंही काम भागतं.

आणि का लिहून देऊ नये? जूनमध्ये पेरणी, मग निंदण, डवरणी, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापूस आणि हरभरा. सवडद, मोहाडी, गुंज, राताळी, शिंदी या आसपासच्या गावांतून येणारा माणूस पायांच्याच जिवावर जगतो. पाय न दुखणारा माणूस इथे संशयास्पदच म्हणायचा. त्यामुळे दुखण्याची कारणंही ठरलेली आहेत: काम झालं, वय झालं, वात आहे, नस दबली, गादी सरकली. उपायही ठरलेले. निर्गुडीच्या पाल्याने शेकायचं, रात्री तेल चोळून घ्यायचं, मेडिकलवरून दुखीची गोळी आणायची आणि अगदीच सहन होईना तर "सलाईन लावा, त्यात कॅल्शियमची सुई टाका". पुष्कळदा ही कारणं खरीही असतात. गुडघे झिजलेले असतात, कंबर गेलेली असते, बायकांच्या अंगात रक्तच नसतं.

पण या गर्दीत एक दुखणं वेगळं असतं. तिथे हाड ठीक असतं, सांधा ठीक असतो, स्नायूही ठीक असतो. त्या स्नायूपर्यंत रक्त पोचत नसतं. ते ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. एक प्रश्न विचारावा लागतो आणि पायातली चप्पल काढायला लावावी लागते.

प्रश्न असा: किती चालल्यावर दुखतं?

मीटर-किलोमीटरमध्ये उत्तर मिळत नाही. "लय चाललं का दुखते," एवढंच मिळतं. मग गावाच्या मापाने विचारावं लागतं. स्टँडपासून पलसिद्धाच्या मठापर्यंत एका दमात जाता का? बाजारातून पिशवी घेऊन येताना वाटेत कोणाच्या ओट्यावर टेकता? हा ओट्याचा प्रश्न फार कामाचा आहे. ज्याचा पाय नुसता थकतो तो आज इथे, उद्या तिथे बसतो. ज्याची धमनी चोंदली आहे त्याचा ओटा ठरलेला असतो. तो घरमालकाचं नावच सांगतो. आणि काही महिन्यांनी त्याच्या अलीकडच्या घराचं सांगतो.

साठीच्या पुढचे एक बाबा खोकल्यासाठी आले होते. उठताना पायाचं बोलले तसं मी त्यांना परत बसवलं.

"आधी डवऱ्याची चार तासं मारून बसत होतो," ते म्हणाले. "आता दोन झाले का धुऱ्यावर टेकाच लागते."

"काय होतं?"

"पोटरीत गोळा येते. उजव्याच. कोनी पिळून राह्यलं असं."

"बसावंच लागतं, का नुसतं उभं राहिलं तरी थांबतं?"

"उभं राह्यलं तरी थांबते. बैल बी उभे, मी बी उभा. एक बिडी वढली का पाय मोकळा होते."

डॉक्टरकीच्या पुस्तकात पानभर लिहिलेलं बाबांनी चार वाक्यांत सांगितलं. ठरावीक अंतर, ठरावीक जागा, चालणं थांबलं की काही मिनिटांत आराम, पुन्हा चाललं की पुन्हा तेवढ्याच अंतरावर तेच. थंडी असो, पाऊस असो, अंतर फारसं बदलत नाही. डोक्यावर ओझं असलं किंवा चढ असला तर कमी होतं, एवढंच.

मी अडकले ती शेवटच्या वाक्यावर. बिडी ओढली की पाय मोकळा होतो, हे मी त्यानंतरही वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. तंबाखू मळणारे सांगतात, "तंबाखू मळून तोंडात टाकेस्तोर दुखनं जाते." पाय मोकळा होतो तो थांबल्यामुळे. पण थांबल्यावर हाताला जे काम असतं, श्रेय त्याला जातं. ज्या वस्तूने वर्षानुवर्षं धमनीचं अस्तर खराब केलं, तीच वस्तू रोज धुऱ्यावर औषध म्हणून ओढली जाते, आणि गुण येतो हे त्या माणसाने स्वतः अनुभवलेलं असतं. अशा माणसाला "बिडी वाईट" असं सांगून काही होत नाही. त्याला म्हणावं लागतं, "उद्या दोन तासं मारून धुऱ्यावर थांबा, बिडी पेटवू नका, नुसते उभे राहा. दुखणं जातं का ते मला येऊन सांगा." बाबा आले. थोडे नाराज होते. "जाते तसंबी," म्हणाले.

असं का होतं हे ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला सांगणं सोपं जातं. नळीत क्षार साचले की मोटर चालू असूनही शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही आणि ऊन वाढलं की तेच झाड आधी मान टाकतं. बसलेल्या पोटरीला रक्त थोडं पुरतं; चालत्या पोटरीला त्याच्या कितीतरी पट लागतं. मांडीतली धमनी अरुंद झाली असेल तर बसल्याजागी काहीच जाणवत नाही, चाललं की पोटरी ओरडते. अडथळा त्याच्याही वर, ओटीपोटात असेल तर मांडी आणि कुल्ला दुखतो आणि पुरुषांना आणखी एक तक्रार असते. ती तक्रार माझ्यासारख्या बाईला कोणी सांगत नाही. ती कंपाउंडरला सांगितली जाते, बाहेर, औषधं घेताना.

गंमत म्हणजे हे दुखणं वैद्यकाला आधी कळलं ते जनावरात. १८३१ साली फ्रान्समध्ये बुले नावाच्या पशुवैद्याने पॅरिसमधल्या गाडीच्या एका घोडीबद्दल लिहून ठेवलं: थोडी धावली की लंगडते, थांबली की ठीक होते, पुन्हा धावली की पुन्हा लंगडते. मेल्यावर चिरून पाहिलं तर मागच्या पायाची धमनी बंद. माणसातलं हेच लक्षण शार्को या फ्रेंच डॉक्टरने मांडलं १८५८ साली, म्हणजे मध्ये सत्तावीस वर्षं गेली. आमच्याकडेही फार वेगळं नाही. बैल लंगडला तर त्याच दिवशी खूर उचलून पाहतात, खडा रुतला का, सूज आहे का, नाल ढिला झाला का. मालक लंगडला तर पुढच्या सुगीपर्यंत बघू म्हणतात.

आता चपलेकडे येते.

बाबांना म्हटलं, पाय वर घ्या, स्टुलावर ठेवा. ते घेईनात. "मॅडम, पायाले हात नका लावू वो." धोतराच्या सोग्याने पाय झाकून घेतला. साखरखेर्डा हे पलसिद्धाच्या मठाचं आणि प्रल्हाद महाराज रामदासींचं गाव. इथे पायाला हात लावणं म्हणजे नमस्कार, आणि तो कोणी कोणाला करायचा हे ठरलेलं आहे. वयाने मोठ्या माणसाला आपला मातीने भरलेला पाय डॉक्टरच्या हातात द्यायचा संकोच वाटतो. बाई डॉक्टर असेल तर जास्तच. बाया तर लुगडं घोट्याच्या वर घेत नाहीत. गंभीर दिसणाऱ्या फायली घेऊन लोक माझ्याकडे येतात, त्यात कमरेचा एमआरआय असतो, तो काढायला शेतमाल विकलेला असतो, "गादी सरकली" असा निदानाचा शेरा असतो. मी विचारते, पायाला हात लावून पाहिलं होतं का कोणी? उत्तर ऐकून मला आता आश्चर्य वाटत नाही. दोष एकट्या डॉक्टरांचाही नाही. गर्दी असते, पेशंट बूट काढत नाही आणि दोघांनाही ते अवघड वाटतं. पन्नाशीनंतर कमरेच्या एमआरआयमध्ये काही ना काही सापडतंच, आणि सापडलेल्या गोष्टीवर खापर फोडणं सोपं असतं.

कमरेच्या नसा दबल्यानेही चालताना पाय दुखतो, हे खरं. फरक थांबण्यात आहे. कमरेवाल्याला नुसतं उभं राहून भागत नाही. त्याला वाकावं लागतं, बसावं लागतं. बाजारातली ढकलगाडी धरून वाकून तो बराच वेळ चालू शकतो, सायकल तर आरामात चालवतो. धमनीवाल्याला उभं राहणं पुरतं.

मग मी एक युक्ती काढली. पाय तपासायचा आहे म्हणत नाही. "पायाची नाडी बघायची आहे" म्हणते. नाडी बघणं हे वैद्याचं काम, त्याला मान आहे. बाबांनीही मग पाय पुढे केला. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे जाणारी जी ताठ शिरेसारखी दोरी दिसते, तिच्या बाहेरच्या अंगाला बोटं हलकी टेकायची. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे. पहिली नाडी काही धडधाकट माणसांतही जन्मतःच सापडत नाही, त्यामुळे दुसरी बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही. दाबून धरलं तर आपल्याच बोटातले ठोके लागतात. वेळ द्यावा लागतो. बाबांच्या डाव्या पायाला दोन्ही जागी ठोका होता. उजव्याला कुठेच नाही. उजवं पाऊल डाव्यापेक्षा गार, नडगीवरचे केस गेलेले, कातडी ताणल्यासारखी चकचकीत, अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं. पाय वर धरला तर तळवा पांढरा पडला; खाली सोडला तर हळूहळू लालजांभळा झाला. बाबा स्वतः वाकून बघत होते. दोन्ही पाय शेजारी ठेवून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले असावेत.

माझ्याकडे पेनएवढा एक डॉपलर आहे. घोट्याला बीपीचा पट्टा बांधायचा, डॉपलर नाडीवर धरायचा, फुगवत न्यायचं आणि हवा सोडताना पहिला फुस्स आवाज कुठे येतो ते बघायचं. बाबांच्या हाताचा वरचा दाब १५०, उजव्या घोट्याचा ८४. भागाकार ०.५६. निरोगी माणसात घोट्याचा दाब हाताएवढा किंवा थोडा जास्तच असतो, ०.९ किंवा त्याखाली आला की पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरतात. जुन्या मधुमेहात मात्र हा आकडा फसवा असतो. धमनीच्या भिंती चुन्याने कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, दाब १.४ पटींच्याही वर दिसतो. आकडा फार चांगला आला तर शंका घ्यायची. मधुमेहवाल्यांची दुसरी पंचाईत अशी की नसा बधिर झालेल्या असल्या तर पोटरी ओरडतच नाही. दुखत नाही म्हणून ते येत नाहीत आणि येतात तेव्हा बोट काळं झालेलं असतं. म्हणून साखरेच्या पेशंटला दुखतं का विचारत बसायचं नाही, सरळ चप्पल काढायला सांगायचं.

तसं पाहिलं तर बाबांसारखी पाठ केल्यागत लक्षणं सांगणारे थोडेच. धमन्या खराब झालेल्या बऱ्याच जणांना काहीच त्रास नसतो, किंवा "पायात जीव नाही" असलं मोघम काहीतरी असतं. आणि आता तर मोटरसायकल आहे. आधी माणूस शेतात पायी जायचा, ओट्यावर टेकायचा, चार लोक विचारायचे. आता पोरगा धुऱ्यापर्यंत गाडीवर सोडतो. मळणी यंत्रावर, फवारणी मजुराकडून, मठात गाडीवरून, लव्हाळा फाट्यालाही गाडीवरूनच. पाय दुखेल एवढं चालणंच होत नाही. दुखणं वाढत असतं, कळत नसतं, आणि घरचे म्हणतात बाबाला आता काही त्रास नाही. म्हणून मी अलीकडे दुसरा एक प्रश्न विचारते: आधी पायी जात होता आणि आता जात नाही, असं काय आहे? आमच्या भागातली कितीतरी माणसं शेगावला पायी जातात. दरवर्षी पायी जाणारा माणूस यंदा गाडीने गेला आणि "वय झालं बाप्पा" म्हणाला, की मी त्याचे पाय बघते.

धमन्यांचा हा आजार एकट्या पायाचा नसतो. ज्या कारणांनी मांडीतली नळी भरते त्याच कारणांनी हृदयातली आणि मेंदूतलीही भरत असते: तंबाखू, साखर, बीपी, चरबी, वय. अशा माणसाला पाय गमावण्यापेक्षा हार्टअ‍ॅटॅकचा धोका मोठा. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या गाठोड्यात अजूनही एखादा राजाछाप रुपया निघतो. त्यावरचा शेवटचा राजा, सहावा जॉर्ज, याला १९४८ साली पायात गोळे यायला लागले. भरपूर सिगारेट ओढायचा. १९४९ च्या मार्चमध्ये पायाचा रक्तपुरवठा वाढावा म्हणून त्याच्या कमरेजवळच्या नसांवर राजवाड्यातच शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला. पुढे फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत झोपेतच हृदयाची रक्तवाहिनी बंद होऊन तो गेला, छप्पन्न वर्षांचा असताना. बाबांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "त्याच्यापाशी तर बिडी नव्हती." सिगारेट होती, म्हटलं. "मंग तेच."

तरुण माणसांचं दुखणं याहून वाईट. सेंट्रिंगच्या कामावरचा, चाळिशीही न गाठलेला एक जण तळपायाच्या खळग्यात दुखतं म्हणून चपला बदलत होता. तीन प्रकारच्या चपला झाल्या, मग बूट झाले. साखर नाही, बीपी नाही, चरबी नाही. बिडीची मोजदाद नाही. मग अंगठ्याचं नख काढताना जखम झाली, ती भरेना. काटा असेल म्हणून कोणी कोरली, कोणी हळद भरली. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या बायकोने जे सांगितलं त्यावरूनच मला कळलं. "रातभर झोपत नाहीत वो. खाटेच्या खाली पाय सोडून बसते. तवाच जरा डोळा लागते." पाय खाली सोडला की वजनाने थोडं रक्त उतरतं, ठणका कमी होतो. रात्री आडवं झालं की वाढणारं आणि पाय लोंबकळला की कमी होणारं दुखणं म्हणजे धमनीची शेवटून दुसरी हाक. तिथे गोळ्या लिहीत बसायचं नसतं.

हा बर्गरचा आजार. लिओ बर्गर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने १९०८ साली, कापलेल्या पायांतल्या रक्तवाहिन्या तपासून तो मांडला, म्हणून त्याचं नाव. हातापायांच्या लहान-मध्यम धमन्यांना सूज येते, आत गुठळ्या होतात, बोटं काळी पडत जातात. तो होतो बहुतेक करून तरुण, तंबाखू घेणाऱ्या पुरुषांना. भारतात बिडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत तो पूर्वीपासून दिसत आला आहे. धमन्या टोकापर्यंत खराब झाल्याने बायपासला जोडायला चांगली जागाच मिळत नाही. औषधं आहेत, पण आजार थांबवणारी गोष्ट एकच: तंबाखू पूर्ण बंद. कमी करून भागत नाही; बिडी सोडून पुडी धरली तरी भागत नाही. त्याला मी घाटीला, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. एक बोट गेलं. पाय राहिला. बिडी त्याने सोडली की नाही हे मी त्याला विचारत नाही, बायकोला विचारते. सध्या सुटली आहे, असं ती म्हणते.

थंडीत मला या पायांची जास्त काळजी वाटते. पाऊल गार पडलं म्हणून लोक शेकोटीला धरतात, गरम विटेवर ठेवतात. रक्त कमी आणि संवेदनाही कमी, त्यामुळे भाजलेलं कळत नाही. मोजा घाला, घोंगडी घ्या, पण शेकू नका, हे डिसेंबरात मी दिवसभर सांगत असते.

बायकांचे पाय निराळे बोलतात. संध्याकाळी जड होणारे, फुगलेल्या निळ्या शिरांचे, आतल्या घोट्यापाशी काळपट डाग पडलेले पाय हे उभं राहण्याचे पाय. तिथे रक्त खाली पोचतं पण वर चढत नाही. म्हणून ती बाई पाय उशीवर ठेवते आणि तिला बरं वाटतं. धमनीवाला पाय खाली सोडतो, शिरेवाला वर ठेवतो, हे आशाताईंना एकदा सांगितलं आणि त्यांनी गल्लीतले दोन्हीकडचे पेशंट शोधून आणले. मात्र एकच पाय अचानक सुजला, पोटरी टणक आणि गरम झाली, आणि घरात नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा माणूस ऑपरेशननंतर अंथरुणावर असेल, तर चोळायचं नाही. आतल्या खोल शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. आमच्याकडे बाळंतिणीचे पाय रोज चोळायची पद्धत, त्यामुळे हे सांगताना सासवांशी वाद होतो. तो घालते. आणि मिस्रीने दात घासणाऱ्या म्हातारीला धमनीचा आजार होणार नाही असंही धरून चालायचं नाही. तंबाखू हिरडीतून गेली काय आणि धुरातून गेली काय, रक्तातच जाते.

एकाच बाबतीत मी घाई करते. काल चालणारा पाय आज एकाएकी पांढरा, गार, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर ती धमनी आत्ता बंद पडलेली असते. बहुधा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसात तिथली गुठळी सुटून पायात येऊन बसते. सहा तासांच्या आत रक्त सुरू व्हावं लागतं. सकाळी बघू म्हटलं की पाय जातो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून संभाजीनगरला पोचायचा वेळ तरी वाचतो. गाडी मिळून घराबाहेर पडेपर्यंत जो वेळ जातो तो मात्र अजून तेवढाच आहे.

बाबांची ही वेळ नव्हती. त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी, चरबीची गोळी, बीपी-साखरेची औषधं दिली आणि चालायला सांगितलं. यावर घरात हसू झालं. पाय दुखतात म्हणून गेला तर मॅडम म्हणते चाला! पण या दुखण्यावर तेच औषध आहे. दुखेपर्यंत चालायचं, चांगलं दुखू द्यायचं, थांबायचं, गेलं की पुन्हा चालायचं. असा अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान तीन महिने. बंद धमनी उघडत नाही, पण आजूबाजूच्या बारीक वाटा मोठ्या होतात आणि स्नायू आहे त्या रक्तात भागवायला शिकतो. अंतर वाढतं. बाबांना मी खडूने मोजायला सांगितलं नाही. त्यांचे ओटे होतेच.

थोरला मुलगा शहाणा. त्याने चौकशी केली होती. "मॅडम, महात्मा फुले योजनेत फुगा टाकून नळी मोकळी करते म्हणतात. फुकटात होत असंल तर करूनच टाकू ना." मी सांगितलं, रात्री आडवं झाल्यावर दुखायला लागलं, बोटाला जखम झाली आणि भरेना, किंवा एवढं चालूनही जगणं अवघड झालं, तर लगेच पाठवीन, एक दिवस थांबणार नाही. पण मोकळी केलेली नळी पुन्हा बंद होऊ शकते, आणि बिडी चालू असेल तर लवकर होते. आत्ता तीन महिने चालू द्या.

"पण ते चालतेच कुठं? गाडी काढते न् जाते."

"मग गाडीची चावी तुमच्याकडे ठेवा."

बाबा खवळले. गाडी त्यांच्या नावावर होती, हप्ते त्यांनी भरले होते. बाप-लेकाचं माझ्यासमोरच वाजलं. शेवटी ठरलं की चावी सुनेकडे राहील, पोराकडे नाही. दारातून बाहेर पडताना बाबा तिच्याशी तोडपाणी करत होते, "बाजाराच्या दिवशी तं देशील ना?"